टाकी पुन्हा दुधाळ झाली

पाच महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन तळघरात उतरलो तर प्रवाळाच्या टाकीतले मासे दिसेनात. रात्रीत कुणीतरी ताक ओतून गेल्यासारखं पाणी. दिवे लागले होते, पण घाटातल्या धुक्यात समोरच्या गाडीचे दिसतात तसे. संपमधला (हरताळ नव्हे, टाकीखालची दुसरी टाकी) पंप दाताखाली खडा आल्यासारखा करकरत होता. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा; तिचं एकक डीकेएच) मोजली. आदल्या संध्याकाळी ८.४ डीकेएच होती, आता ५.९. दीड वर्षात हे तिसऱ्यांदा.

तिन्ही वेळा मी पहिल्यांदा टाकीत रोज घालायच्या पावडरीवर खापर फोडलं. घरी केलेलं कॅल्शियम, घरी भाजलेला सोडा, म्हणजे त्यातच काहीतरी भेसळ असणार, असं. तिन्ही वेळा पावडर निर्दोष निघाली आणि गुन्हेगार दरवेळी वेगळा निघाला. तुमचीही प्रवाळाची टाकी अशी अधूनमधून पांढरी होत असेल, हीटरवर कवच चढत असेल आणि रोज डोस देऊनही आकडे खालीच येत असतील, तर मी जिथून शोध सुरू केला तिथून करू नका.

आधी माझी मांडणी सांगतो, म्हणजे आकडे ताडून बघता येतील. न्यू जर्सीत घराच्या तळघरात ७५ गॅलनची टाकी. दगड-वाळू वजा जाता खरं पाणी २५० लिटरच्या आसपास. त्यात अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा, हॅमर, असे दगडी सांगाडा बांधणारे प्रवाळ. सांगाड्यासाठी ते पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतात आणि ते आपण परत भरायचं. दुकानातल्या बाटल्यांत पैसे बरेचसे पाण्याचेच जातात, म्हणून मी रँडी होम्स-फार्ली या रसायनतज्ज्ञाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृतीने दोन्ही द्रावणं घरी करतो. कॅल्शियमसाठी रस्त्यावरचा बर्फ वितळवायला वापरतात ते कॅल्शियम क्लोराइड, अल्कलिनिटीसाठी खाण्याचा सोडा, मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट आणि त्याचा क्लोराइड भाऊ. शिवाय लोणच्याचा चुना. त्याच्याकडे येतोच.

आज रात्री काय करायचं

टाकी आत्ता पांढरी असेल तर सगळे डोसिंग पंप (द्रावणं ठरल्या मापाने टाकीत सोडणारे छोटे पंप) बंद करा. आकडा खाली गेलाय हे दिसत असूनही बंद करा. इथेच बहुतेक जण फसतात. पहिल्या वेळी मीही फसलो. अल्कलिनिटी ६ वर आलेली पाहून घाबरून जास्तीचा सोडा ओतला, तासाभरात पाणी आणखी पांढरं, दुसऱ्या दिवशी आकडा आणखी खाली.

कारण असं. समुद्राच्या वरच्या थरातल्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट सहसा मावेल त्यापेक्षा जास्त विरघळलेलं असतं. ते खाली बसत नाही, कारण बसायला सुरुवात कुठून करावी हेच त्याला सापडत नाही. एकदा बारीक कण तयार झाले की ते विरजणाचं काम करतात. कपभर विरजण आधीच पडलेलं असताना वरून आणखी दूध ओतलंत तर त्याचंही दहीच होणार. हे कण गाळात जाईपर्यंत किंवा त्यांच्यावर मॅग्नेशियम आणि सेंद्रिय घाणीचा लेप बसून ते थंडावेपर्यंत थांबावं लागतं. एखादा दिवस, फार तर दोन. फिल्टर फ्लॉस (पाणी गाळायचा कापूस) लावा आणि दर काही तासांनी बदला. मग अल्कलिनिटी दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त न चढवता वर आणा. प्रवाळ ६ वर दोन दिवस काढतात. ६ वरून ९ वर एका रात्रीत नेलंत तर टोकं पांढरी पडतात.

आणि हा पांढरेपणा चुन्याचाच आहे ना, तेही बघून घ्या. जिवाणूंची वाढ झाली तरी पाणी असंच दिसतं. काचेच्या ग्लासात टाकीचं पाणी घेऊन चमचाभर पांढरं व्हिनेगर घाला आणि ढवळा. पाणी निवळलं तर कॅल्शियम कार्बोनेट. तसंच ढगाळ राहिलं तर जिवाणू, आणि मग पुढचं सगळं तुमच्या कामाचं नाही. मासे वर येऊन धापा टाकत नाहीत ना बघा, पाण्यात हवेचे बुडबुडे सोडा.

थेंब कुठे पडतो

पहिल्यांदा झालं तेव्हा दोन्ही नळ्या मी संपच्या एकाच कोपऱ्यात, एकाच क्लिपला अडकवल्या होत्या. दिसायला छान नीटनेटकं. तेव्हा माझी टाकी दिवसाला १.५ डीकेएच खात होती. हिशोब सोपा आहे: ५९४ ग्रॅम सोडा भाजून गॅलनभर पाण्यात केलेल्या द्रावणाचे ४८ मिली माझ्या २५० लिटरला १ डीकेएच वाढवतात. म्हणजे रोज ७२ मिली सोडा आणि तेवढंच कॅल्शियम. टायमर साधा होता, त्यामुळे दोन्ही पंप दिवसातून दोनदा, एकाच वेळी, ३६-३६ मिली सोडायचे. समोर उभा राहून कधी पाहिलंच नव्हतं.

पाहिलं तेव्हा कळलं. सोड्याचा थेंब पाण्यात पडला की पांढरा धागा सुटतो. भाजलेल्या सोड्याचं द्रावण इतकं अल्कधर्मी असतं की त्या थेंबाभोवती क्षणभर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बनतं. प्रवाह जोरात असेल तर तो धागा काही सेकंदांत विरून जातो आणि काही बिघडत नाही. माझ्या कोपऱ्यात पाणी जवळजवळ साचलेलं होतं. धागा विरायच्या आधीच शेजारून कॅल्शियमची धार त्याच्यात मिसळायची आणि मग जे बनायचं ते विरायचं नाही. वीतभर अंतरावर हीटर. गरम पृष्ठभागावर कॅल्शियम कार्बोनेट आणखी लवकर बसतं, म्हणून हीटरला पोपडे आणि पंपाच्या रोटरवर दगडी अंगठी.

तेव्हा पहिलं काम हे करा: डोस सुरू असताना टॉर्च घेऊन दोन मिनिटं नळीच्या टोकाकडे बघा. पांढरेपणा अर्ध्या मिनिटात गेला नाही तर दुखणं तिथेच आहे. मी सोड्याची नळी टाकीचं पाणी संपमध्ये धबधब्यासारखं पडतं तिथे नेली आणि कॅल्शियमची दुसऱ्या टोकाला. ७२ मिलीचे बारा भाग केले. सोडा सम तासांना ६ मिली, कॅल्शियम विषम तासांना ६ मिली. नळीचं टोक पाण्याच्या वर ठेवा. बुडालेलं असेल आणि बाटली उंचावर असेल तर पंप जुना झाल्यावर अख्खी बाटली सायफनने टाकीत उतरू शकते. टोकाला मिठाचे लोलक येतात ते आठवड्याला पुसायचे, आणि महिन्यातून एकदा पंपाला मोजपात्रात ओतायला लावून तो खरंच ६ मिली देतो का ते बघायचं. पंपाच्या आतली नळी दबून दबून सैल पडते आणि न सांगता कमी-जास्त द्यायला लागते.

चुन्याची निवळी

दुसऱ्या वेळची गोष्ट जरा मोठी आहे, कारण त्यात माझी हुशारी होती.

प्रवाळ वाढले, खाणं २.२ डीकेएचवर गेलं, आणि मी काल्कवासर सुरू केलं. पीटर विल्केन्सने १९७० च्या दशकात युरोपातल्या टाक्यांमध्ये रूढ केलेली ही पद्धत. नाव भारदस्त, पण जर्मन शब्दाचा अर्थ नुसता ‘चुन्याचं पाणी’. म्हणजे आपण शाळेत प्रयोगशाळेत करायचो ती चुन्याची निवळी. स्ट्रॉने फुंकर मारली की कार्बन डायऑक्साइडने दुधाळ होते ती. टाकीचं जे झालं तो तोच प्रयोग, फक्त २५० लिटरमध्ये.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती. मालवणची. मी बादलीत चुना कालवतोय बघून म्हणाली, “अरे, हा तर आबांच्या पानाच्या डब्यातला! ह्यासाठी दुकानात कशाला गेलास?” कल्पना वाईट नव्हती, पण पानाच्या चुन्याच्या डबीत सुगंध, कात असं काय काय घातलेलं असू शकतं आणि ओला असल्यामुळे वजनाचा अंदाज येत नाही. लोणच्यासाठी मिळतो तो कोरडा, खाण्याच्या दर्जाचा कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. डबा जुना असेल तर चिमूटभर चुना व्हिनेगरमध्ये टाका. फसफसला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन त्याचा खडू झालेला आहे, फेकून द्या. चांगला चुना गुपचूप विरघळतो. आईने पापडखारही सुचवला होता, सोड्याऐवजी. खारच तो, पण त्यात कशाचा किती भाग आहे ते कोण सांगणार?

आता हिशोब. लिटरभर पाण्यात चुना जेमतेम १.५ ग्रॅम विरघळतो. बाकीचा साका बनून तळाशी बसतो. त्या लिटरभर निवळीत सुमारे ४१ मिलिइक्विव्हॅलंट (हे अल्कलिनिटीचं दुसरं माप) अल्कलिनिटी असते. माझ्या टाकीतून रोज ४ लिटर पाणी उडायचं. त्या जागी मी ४ लिटर निवळी सोडायचो, म्हणजे दिवसाला १.८ डीकेएच. उरलेले ०.४ दोन बाटल्यांतून. ऑक्टोबरात हे अगदी तागडीत तोलल्यासारखं बसलं होतं.

जानेवारीत घरातलं हीटिंग चोवीस तास सुरू. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, आणि टाकीतलं पाणी दिवसाला साडेसहा लिटर उडायला लागलं. तरंगता स्विच प्रामाणिक. पाणी कमी झालं की तो निवळी सोडणार. आता निवळीतूनच ३ डीकेएच जात होते, वर बाटल्यांचे ०.४, आणि प्रवाळांचं खाणं तेच २.२. दिवसाला १.२ डीकेएच शिल्लक. आठवडाभर मी चाचणी केली नाही. शिवाय निवळीचा पीएच १२.४, त्यामुळे टाकीचा पीएचही चढत गेला. एका रात्री विरजण लागलं आणि सकाळी तीच ताकाची टाकी.

तेव्हापासून निवळीचं माप बाष्पीभवनावर सोपवलेलं नाही. डोसिंग पंपाने रोज ठरलेली ३ लिटर, तीही रात्री दहा ते सकाळी आठ या वेळात थेंबथेंब, कारण दिवे बंद असताना टाकीचा पीएच सगळ्यात खाली असतो. बाकी जे पाणी उडेल त्याच्या जागी साधं आर-ओचं पाणी. हिवाळा असो की उन्हाळा, चुना तेवढाच जातो.

बादलीबद्दल दोन गोष्टी. रात्री कालवून ठेवा, सकाळपर्यंत वर स्वच्छ निवळी दिसते. नळी तळापासून दोन इंच वर ठेवा, साका ओढला जाता कामा नये. चुन्यात तांब्यासारखे धातू चुकून असले तर ते बहुतांशी त्या साक्यातच अडकतात, म्हणून तो हलवायचाच नाही. वर दुधासारखी साय येते, ती मोडत बसू नका. तिने खालच्या निवळीला हवा लागत नाही. झाकण ठेवा. आणि डोळ्यांना चष्मा, हाताला मोजे. हे पानाला लावायचं बोटभर प्रकरण नाही, २० लिटर आहे, आणि तळघरात लहान मुलं येत असतील तर बादलीला कुलूप लागेल असं झाकण हवं.

तिसऱ्या वेळी: मॅग्नेशियम

त्या रविवारी नळ्या जागेवर होत्या, निवळी मोजकी जात होती. संध्याकाळपर्यंत डोकं खाजवून शेवटी मॅग्नेशियम मोजलं. वर्षभर मोजलं नव्हतं. ११२० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग). समुद्रात सुमारे १३०० असतं. मॅग्नेशियमचे आयन कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकावर जाऊन बसतात आणि त्याची वाढ अडवतात. ते कमी पडले की एरवी चालून जाणारी प्रत्येक बारीक चूक, थोडा जास्त पीएच, थोडा जोराचा डोस, विरजण ठरते.

मला २०० पीपीएम वाढवायचं होतं. २५० लिटरसाठी ५० ग्रॅम शुद्ध मॅग्नेशियम. एप्सम सॉल्टमध्ये ते जवळपास १० टक्के, म्हणजे अर्धा किलो लागलं असतं. नुसतं एप्सम वापरलं तर सल्फेट वाढत जातं, म्हणून बहुतांश मॅग्नेशियम क्लोराइड आणि थोडं एप्सम असं मिश्रण आठवडाभरात विभागून दिलं. त्यानंतर पाच महिने पाणी स्वच्छ आहे.

बाटलीतच बिघडलं असेल तर

कधीकधी दोष खरोखरच स्वयंपाकघरात असतो. सोड्याच्या बाटलीत तळाला पांढरा थर दिसत असेल तर तुम्ही बहुधा सोडा न भाजता पूर्ण मापाचा घेतला आहे. खाण्याचा सोडा लिटरला १०० ग्रॅमच्या वर विरघळत नाही, आणि कृतीत जवळजवळ १५७ होतो. ३०० अंश फॅरेनहाइटवर, म्हणजे साधारण १५० सेल्सिअसला, तासभर ताटात पसरून भाजला की कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघून त्याचा धुण्याचा सोडा होतो, आणि तो विरघळतो. झालं की नाही ते वजनाने ओळखा: ५९४ ग्रॅमचे ३७५ ग्रॅमच्या आसपास उरले पाहिजेत. साडेचारशे भरले तर परत भट्टीत. वाटीने मोजू नका, भाजलेला सोडा फुगतो. बेकिंग पावडर तर चुकूनही नको, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो. नीट भाजूनही हिवाळ्यात खडे दिसले तर बाटली गॅरेजमध्ये ठेवलेली असणार. थंडीत बाहेर आलेले खडे घरात आणल्यावर परत विरघळतात.

कॅल्शियमच्या बाबतीत एकच घोळ वारंवार दिसतो. कृतीतले ५०० ग्रॅम चपट्या पापुद्र्यांचे आहेत, ज्यात कॅल्शियम क्लोराइड ७७ ते ८० टक्के असतं. गोळ्यांच्या पिशवीवर ९४ टक्के लिहिलेलं असतं, तिथे ४०० ग्रॅमच्या जरा वर पुरतात. रंगीत पिशव्या आणि मीठ मिसळलेले प्रकार वगळा. पाण्यात पावडर घाला, पावडरीत पाणी नव्हे. मिश्रण चहाच्या पातेल्याइतकं तापतं, बाटलीचं प्लास्टिक मऊ पडलेलं मी बघितलंय.

तुमची चाचणीच खोटं बोलत नाही ना? याचं उत्तरही सोड्यात आहे. न भाजलेला सोडा २.१० ग्रॅम एक लिटर आर-ओ पाण्यात विरघळवा. त्यातले १०० मिली घेऊन परत लिटरभर करा. हे पाणी बरोबर ७ डीकेएच असतं. किट ८.५ दाखवत असेल तर तुम्ही आजवर काय पाळत होतात ते कळेल. क्षारताही बघा. कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा यांच्या जोडीतून प्रवाळ आपला भाग उचलतात आणि मागे साधं मीठ उरतं. दिवसाला १.५ डीकेएचच्या हिशोबाने पाणी बदललं नाही तर महिन्याला जवळपास १ पीपीटी (हजार भागांत एक भाग) मीठ चढतं. निवळीतून चढत नाही, हा तिचा मोठा गुण.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून टाकतो. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून ‘मेलेलाच तर आहे’ म्हणून तुकडा उचलून टाकीत टाकायचा विचार असेल तर तो सोडा. प्रवाळाला बसायला जागा हवी असेल तर घरी बनवा.

ती मी बनवतो. एक भाग पांढरा सिमेंट, तीन भाग अ‍ॅरगोनाइट वाळू, घट्ट कालवून आईच्या आप्पेपात्रात. (ते आप्पेपात्र आता कायमचं माझं आहे. त्यावर घरात झालेली चर्चा इथे देत नाही.) पण प्रवाळाचा तुकडा चिकटवल्यावर बुडापासून मांस मागे सरत असेल तर तोही चुन्याचाच प्रताप. ताज्या सिमेंटमधून चुना झिरपत राहतो. आप्पे बादलीत बुडवून दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. मग एक आप्पा छोट्या बरणीत आर-ओ पाण्यात रात्रभर झाकून ठेवा आणि पीएच बघा. माझा पहिल्या आठवड्यात ११ होता. सातव्या आठवड्यात ८.५ आला, तेव्हाच टाकीत गेले.

पंपाचं राहिलंच. करकरणारा पंप बदलायला धावू नका. रोटर काढून निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी अशा भांड्यात टाका, फसफस थांबेपर्यंत. माझ्याला चाळीस मिनिटं लागली. जुन्या दातब्रशने घासून, दोनदा साध्या पाण्यात खळबळून परत बसवा.